कोकणातल्या दमट हवेत डेस्कटॉपला एसीची गार हवा द्यावी का?

खारवट (गुहागर)

नमस्कार मंडळी,

घरांचे आराखडे आणि त्यांची थ्रीडी चित्रं करून देणं हे माझं काम. पूर्वी पुण्यात करत होतो, आता गावच्या घरी बसून करतो. घर वेळणेश्वरच्या बाजूला, जांभ्या चिऱ्याचं आणि कौलारू. समुद्र इतका जवळ की वारा सुटला की खिडकीच्या काचांवर मिठाचा थर धरतो.

मशीनचा प्रोसेसर (सीपीयू) रायझन ५९००एक्स, सोबत बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड, साधा टॉवर कूलर, पुढे दोन पंखे आणि मागे एक. मे महिन्यात दुपारी खोलीत ३३ अंश होतात. रेंडर, म्हणजे आराखड्यावरून अंतिम चित्र तयार करायचं काम, लावलं की थोड्याच वेळात सीपीयू ९० अंशांना टेकतो आणि मग वेग आपोआप उतरतो. या प्रोसेसरची मर्यादाच ९० आहे, त्यामुळे तो स्वतःला सांभाळतो हे कळतं, पण गिऱ्हाईक थांबलेलं असतं.

खोलीत एक टनाचा एसी घ्यायचा विचार आहे. मेहुण्याचं म्हणणं असं, की एसी येतोच आहे तर इनडोअर युनिटच्या तोंडापासून चार इंची फ्लेक्सिबल पाइप काढून थेट कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यांना जोडू, सगळी गार हवा मशीनलाच. दुसरा पर्याय त्याने पाहिला तो माशांच्या टाकीसाठी मिळणाऱ्या वॉटर चिलरचा. प्रोसेसरला पाण्याचं कूलिंग लावायचं आणि ते पाणी चिलरमधून फिरवायचं.

माझी भीती एकच, आत पाणी धरेल का? इथे कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे मदरबोर्डचं काय होईल? किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणि एसीचं काम जाणणाऱ्यांनी जरूर लिहावं.

हर्णै बंदर (दापोली, सध्या पुणे)

दादा, चिलरबद्दल मी लिहितो, कारण या नादात मी बराच वेळ घालवलाय.

कॉम्प्युटरला फ्रिजसारखं थंड करणं हे नवीन नाही. असेटेक या डॅनिश कंपनीचा व्हेपोचिल नावाचा कॅबिनेट वीसेक वर्षांपूर्वी मिळायचा, त्यात चक्क कॉम्प्रेसर बसवलेला असायचा. २०१८च्या जूनमध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने २८ कोरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला, तेव्हा टेबलाखाली एक अश्वशक्तीचा वॉटर चिलर होता. पुढे २०२०मध्ये इंटेलने क्रायो कूलिंग आणलं. त्यात पाण्याच्या ब्लॉकखाली, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या आणि आतून पाणी फिरणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखाली, पेल्टियरची चकती होती. वीज दिली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. चकतीलाच दोनेकशे वॅट लागायचे.

त्या क्रायोमध्ये तुमच्या कामाची एक गोष्ट होती. खोलीचं तापमान आणि आर्द्रता मोजून ते यंत्र दवबिंदू काढायचं आणि थंड पट्टी दवबिंदूच्या खाली जाऊ द्यायचं नाही. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसायला लागते तो आकडा. फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटली बाहेरून ओली होते, कारण तिचा पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली असतो.

आता आपल्याकडचा हिशेब करा. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू २७ येतो. म्हणजे न भिजता थंड करायला तुमच्याकडे जेमतेम पाच अंश आहेत! त्या पाच अंशांसाठी चिलर, पंप, नळ्या आणि महिन्याचं वाढीव बिल. माझ्या मते नको. आणि चिलर २० अंशांवर लावून ठेवलात तर नळ्या, ब्लॉक, सॉकेटभोवतीचा (प्रोसेसर बसतो त्या जागेभोवतीचा) बोर्ड सगळं घामेजेल आणि थेंब खाली ग्राफिक्स कार्डावर पडतील. द्रवरूप नायट्रोजन वापरणारे लोक सॉकेटभोवती रबरी फोम आणि पेट्रोलियम जेली थापतात ते याचसाठी. त्यांना तासभर विक्रम करायचा असतो, तुम्हाला रोज पोट भरायचंय.

देशावरचा (सोलापूर)

एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे एप्रिलमध्ये ४० अंशांत वाळ्याचा कूलर लावतो, खोली मस्त गार होते आणि माझा पीसी त्याच खोलीत वर्षानुवर्षं चालतोय. एसीच्या खर्चात पडण्यापेक्षा कूलर का नको?

हर्णै बंदर

प्रश्न अगदी योग्य आहे, कारण उत्तर त्याच हिशेबात आहे. सोलापुरात ४० अंशांना आर्द्रता २० टक्के असेल तर दवबिंदू १३च्या आसपास येतो. हवा तहानलेली असते, पाणी भराभर शोषते आणि ते करताना गार होते. गुहागरात हवा आधीच पोटभर प्यायलेली. कूलर लावला तर गारवा एकदोन अंशांचा आणि दमटपणा मात्र थेट नव्वदीकडे. माणसाला चिकचिक आणि मशीनला गंज. आमच्याकडे कूलर घेतलेले लोक एका मोसमात तो माळ्यावर टाकतात.

उलट चिलरचा प्रयोग करायचाच असेल तर तो सोलापुरात करावा. तिथे दवबिंदूच्या वर पंचवीसेक अंशांची मोकळीक मिळते.

कागद-पेन्सिलशिवाय करायचा ढोबळ हिशेब: आर्द्रता १०० पासून जितकी कमी, तितक्याला पाचाने भागा आणि तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर हा अंदाज चांगला जुळतो. भिंतीवर लावायचा डिजिटल आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो. खारवट दादा, आधी तो घ्या.

गॅसचार्जिंग (रत्नागिरी)

फ्रिज-एसी दुरुस्तीत आयुष्य गेलं, त्यामुळे पाइपाच्या कल्पनेबद्दल सांगतो.

एसी चालू असताना इनडोअरच्या कॉइलचं तापमान साधारण १० अंशांच्या आसपास असतं. खोलीतली हवा त्यावरून जाते तेव्हा तिच्यातलं पाणी कॉइलवरच गळतं आणि ड्रेन पाइपातून बाहेर जातं. म्हणून समोरून येणारी हवा गारही असते आणि तिच्यातलं पाणीही कमी झालेलं असतं. ती हवा जोवर वाहतेय तोवर तिच्यामुळे मदरबोर्डवर पाणी धरणार नाही. इथपर्यंत तुमच्या मेहुण्यांचं बरोबर आहे.

पण पुढे बघा. कौलारू खोली बंद होत नाही, कौलांच्या सांध्यांतून बाहेरची हवा सतत येते. त्यामुळे खोलीचा दवबिंदू २५-२६च राहणार आणि १४ अंशांची हवा वाहून नेणारा तुमचा पाइप बाहेरून ठिबकणार. कॅबिनेटचा पुढचा पत्राही घामेजणार. पाइपाला नायट्राइल रबरचं वेष्टन घातलंत तरी कॅबिनेटला कसं घालणार?

दुसरं, कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा ब्लोअर बहुतेक वेळा फिरतच असतो. ओल्या कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. खोलीत ते पसरतं म्हणून जाणवत नाही, पण तुम्ही पाइप लावला असेल तर ती ओली वाफ सरळ मशीनच्या पोटात.

तिसरं, लाईट. ती गेली की मशीनचे पंखे बंद, पत्रा आणि बोर्ड २० अंशांवर आणि खोलीतली २५-२६ दवबिंदूची हवा हळूहळू आत शिरतेय. नेमकं त्याच वेळी पाणी धरतं. लाईट आली आणि तुम्ही बटण दाबलंत की शॉर्ट.

चौथं एसीच्या बाजूने. इनडोअरच्या तोंडाला बूच मारल्यासारखा पाइप लावला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो. शिवाय त्याचा सेन्सर खोलीतून परत येणारी हवा मोजतो. सगळी गार हवा डब्यात कोंबलीत तर खोली गरमच राहील आणि कॉम्प्रेसरला दम घ्यायला मिळणार नाही. पाइप अजिबात नको. एसी खोलीसाठी लावा.

खारवट

दादा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पाइप रद्द. चिलरही रद्द.

पण मग खोलीत एसी लावला तरी कौलांचं काय? आणि एक टन पुरेल का? मशीन स्वतःच साडेतीनशे वॅट उष्णता टाकतं.

गॅसचार्जिंग

एक टन म्हणजे साधारण ३,५०० वॅट उष्णता ओढून नेण्याची ताकद. तुमचं मशीन त्याचा दहावा हिस्सा. एसीला खरा भार तापलेल्या कौलांचा आणि बाहेरून येणाऱ्या ओल्या हवेचा. त्यामुळे टनाची चिंता करण्याआधी छताची करा. कामाच्या खोलीला खालून फॉल्स सीलिंग करा, त्याच्या वर इन्सुलेशन टाका, खिडकी-दाराच्या फटींना रबरी पट्टी लावा. दहा बाय बाराची खोली असेल तर मग एक टन भरपूर झाला.

मोठा घेऊ नका. दीड टनाचा लावलात तर खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर लवकर मंदावतो आणि पाणी पुरतं निघत नाही. कोकणात एसीकडून गारव्याइतकंच पाणी काढण्याचं काम करून घ्यायचं असतं. म्हणून हळू आणि सलग चालणारा इन्व्हर्टर एसी बरा, पावसाळ्यात ड्राय मोडवर.

रापण (मालवण)

आमच्या सेवा केंद्रात एसी नाय. मशिनी सकाळपासून सांजवेळपर्यंत चालू आसतत. पावसात प्रिंटरातले कागद एकमेकांक चिकटतत, पण मशिनींक काय होणा नाय. माझा म्हणणा एकच: पावसात मशीन रोज चालू करूक व्हया. बंद पडान रवला काय मेला. गणपतीक धा दिवस बंद ठेवलेली मशीन उघडलंय तर रॅमचे पाय हिरवे.

डोलकाठी (जयगड)

रापणभाऊंनी सांगितलं ते सोळा आणे खरं आहे आणि त्यामागचं कारणही सांगतो. बोटींवरची विजेची यंत्रं सांभाळण्याचं काम करतो, त्यामुळे मीठ आणि ओल यांच्याशी रोजची गाठ.

सगळे इथे दवबिंदूबद्दल बोलताहेत. पण किनाऱ्यावर दवबिंदूपर्यंत जायचीसुद्धा गरज नसते. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी धरायला लागतं. म्हणजे बोर्डवर बसलेला खारा थर डोळ्यांना कोरडा दिसला तरी पावसाळाभर तो ओलाच असतो, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं. पायांना हिरवं चढतं ते तांबं गंजतं म्हणून.

आता चालू मशीनचं बघा. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता आहे. तीच हवा कॅबिनेटमध्ये ३५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ६० टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण तापलेली हवा जास्त वाफ पेलते, म्हणून वस्तूंवर ओल धरण्याची वृत्ती घटते. ६० टक्क्यांना साधं मीठ कोरडं राहतं. म्हणून रोज चालणारं मशीन टिकतं आणि बंद पडलेलं मरतं. आमच्याकडे बंद ठेवलेल्या मोटरींना आतून छोटा हीटर लावलेला असतो तो याच कारणाने. घरोघरी कॅमेऱ्याच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवतात, त्यातही हेच तत्त्व.

खारवट, तुम्ही उन्हाळ्याची काळजी करताय. मला तुमच्या जून ते सप्टेंबरची काळजी वाटते. उष्णतेने मशीन वेग कमी करतं आणि संध्याकाळी पुन्हा ठीक चालतं. मिठाने गेलेला बोर्ड परत येत नाही.

सुरंगी (श्रीवर्धन)

डोलकाठींच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, छपरं उडाली आणि लाईट यायला कितीतरी आठवडे लागले. मी अनुवादाचं काम करते. माझं मशीन पाण्यात भिजलं नव्हतं, मी ते आधीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून माजघरात नेलं होतं. तरीही ते उघडलं तेव्हा स्लॉटच्या कडांना आणि स्क्रूंना पांढरट-हिरवट चढलं होतं. वीज नाही, ऊब नाही, सगळीकडे खारी ओल. तेवढ्याने झालं.

मी काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल. लाईट आल्यावर लगेच बटण दाबलं नाही. सगळं सुटं केलं, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बोर्ड, रॅमच्या कडा, स्लॉट पुसून काढले. मीठ अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही, म्हणून रॅम आणि कार्डांच्या सोनेरी कडा आधी डिस्टिल्ड वॉटरच्या ओलसर कापडाने आणि मग अल्कोहोलने पुसल्या. पंख्याच्या झोतात दोन दिवस वाळवलं, मग जोडलं. ते मशीन अजून चालतंय. पॉवर सप्लाय मात्र मी उघडला नाही आणि कुणी घरी उघडूही नये, त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

आता मी पावसाळ्यात मशीन रोज काही तास चालवतेच, काम असो वा नसो. आणि दीर्घकाळ बंद ठेवायचं असेल तर जाड प्लास्टिकच्या पेटीत सिलिका जेलसकट बंद करते. रंग बदलणारं जेल घ्यावं, म्हणजे कधी तापवून वाळवायचं ते कळतं.

जुना ऑपरेटर (चिपळूण)

फार चांगली चर्चा चालली आहे. मी ऐंशी-नव्वदच्या दशकात एका मोठ्या कार्यालयाच्या संगणक कक्षात होतो. त्या काळची शिस्त सांगावीशी वाटते, कारण तिच्यातला बराच भाग तुमच्या या प्रश्नाचंच उत्तर आहे.

खोलीला दोन दारं, एक उघडलं तर दुसरं बंद. चपला बाहेर. एसी दोन, आळीपाळीने चोवीस तास. भिंतीजवळ कागदाचा ढोल फिरवणारं यंत्र, त्यावर तापमान आणि आर्द्रतेच्या दोन रेघा उमटत. पाहुण्यांना वाटायचं, की गारवा यंत्रांच्या चैनीसाठी आहे. आम्हाला मात्र साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: तापमान दोन अंश वर गेलं तर मला दुपारी सांगा, आर्द्रतेची रेघ चढली तर झोपेतून उठवा. टेपा आणि प्रिंटरचा कागद ओल धरत, माहितीची भोकं पाडलेली कागदी कार्डं अडकत, डिस्कवर वाचनाच्या चुका येत.

बाहेरून थंड गोदामातलं सामान आलं, की खोका फोडायचा नाही. बंद खोक्यातच त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. तुम्हीही एसी खोलीतला लॅपटॉप किंवा हार्ड डिस्क पावसाळ्यात बाहेर आणताना पिशवीत बंद ठेवून आणा, अर्ध्या तासाने उघडा.

आजच्या डेटा सेंटरसाठी अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. लोक एवढंच लक्षात ठेवतात. तिच्यात दवबिंदू १५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका हेही आहे. आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरांतल्या हार्ड डिस्कचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरची हवा वापरून थंड केलेल्या केंद्रांत डिस्क बिघडण्यावर तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रतेचा परिणाम जास्त दिसला.

त्याच कंपनीने २०१८मध्ये स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांपाशी ८६४ सर्व्हरची बंद टाकी समुद्रतळावर ठेवली होती. दोन वर्षांनी वर काढली, तेव्हा बिघाड जमिनीवरच्या मानाने आठव्या हिश्शाइतके निघाले. आत कोरडा नायट्रोजन भरला होता आणि माणसाचा हात लागत नव्हता. समुद्राच्या पोटात राहूनही यंत्रं निरोगी राहिली, कारण आत ओल नव्हती.

खारवट

काका, सुरंगीताई, डोलकाठीदादा, हे सगळं मी जपून ठेवतोय. माझा प्रश्नच बदलला. आर्द्रतामापक मागवला, आला. आज दुपारी खोलीत ३३ अंश आणि ७० टक्के.

आता नेमकं विचारतो. एसी किती अंशांवर ठेवू? मेहुणा म्हणतो २०, म्हणजे प्रोसेसरही तेरा अंशांनी उतरेल.

हर्णै बंदर

खोली जितकी उतरेल जवळपास तितकाच प्रोसेसर उतरतो, हे त्याचं बरोबर. पण माझं ठाम मत: २८. फार तर २७.

कारण असं. तुमचा बाहेरचा दवबिंदू आज २७च्या थोडा खाली आहे, पावसाळ्यात २६च्या आसपास राहील. २० अंशांच्या खोलीतली प्रत्येक वस्तू बाहेरच्या दवबिंदूच्या सहा-सात अंश खाली. लाईट गेली, दार उघडलं, एसी बिघडला, की प्रत्येक वस्तूवर पाणी. खोली २८वर असेल तर आतली एकही वस्तू बाहेरच्या हवेच्या दवबिंदूच्या खाली नाही. एसी बंद पडो, खिडकी उघडी राहो, पाणी धरणारच नाही. आणि एसी चालू असताना आतली आर्द्रता ५५-६०पर्यंत आली की मीठही बरंचसं शांत. सोबत छताचा पंखा लावा, तुम्हालाही २८ गार वाटेल.

राहिले प्रोसेसरचे अंश. ते एसीकडून का घ्यायचे? बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन इको मोड, म्हणजे कमी वीज ओढण्याची सोय, लावा. ५९००एक्स मूळ सेटिंगमध्ये १४२ वॅटपर्यंत ओढतो, ६५ वॅटच्या इको मोडमध्ये मर्यादा ८८ होते. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, पण आत्ता ९०ला टेकून जो वेग उतरतो त्याच्याशी तुलना करा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट किती जुनी आहे? आणि त्या टॉवर कूलरच्या पात्यांत धूळ-मिठाची लादी असणार, ती काढा.

देशावरचा

म्हणजे आमच्याकडे गारवा मिळवायचा तर हवेत पाणी घालायचं आणि तुमच्याकडे आधी काढायचं. माझी बहीण अलिबागला असते, तिच्या कपाटातला पीसी तीन वर्षांत गेला होता. आज कारण कळलं. तिला हा धागा पाठवतो.

डोलकाठी

हर्णैशी सहमत, एक भर घालतो. कॅबिनेटमध्ये आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा आणि आत येणाऱ्या प्रत्येक पंख्यावर धुता येणारी बारीक जाळी लावा. आत हवेचा दाब किंचित जास्त राहिला की फटींतून खारी हवा शिरत नाही. जाळी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवूनच परत लावायची. समुद्राकडची खिडकी कामाच्या वेळी बंद. किनाऱ्यापासून आत जावं तसं हवेतलं मीठ झपाट्याने घटतं. घरात मागच्या बाजूला, जमिनीकडे तोंड असलेली खोली मिळत असेल तर मशीन तिथे न्या. एवढ्याने जे मिळेल ते कोणत्याही महागड्या कूलरने मिळणार नाही.

मशीन झोपवून ठेवू नका. स्लीपमध्ये ते अगदी थोडे वॅट घेतं, ऊब राहत नाही आणि वीज मात्र बोर्डवर असते. ओला बोर्ड आणि वीज एकत्र, हा गंजाला आवडणारा योग. चालू ठेवायचं नसेल तर पूर्ण बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करा.

रापण

आणि पाली! पॉवर सप्लायच्या भोकांतसून आत जातत उबेक. जाळी मागल्या अंगाकय लावा, पण हवा अडवू नको.

खारवट

पेस्ट बदलली, पाती साफ केली, इको मोड लावला. काल दुपारी तेच रेंडर लावलं, खोली ३३च होती, एसी अजून आलेला नाही. प्रोसेसर ७२-७३वर स्थिर राहिला आणि वेळ पूर्वीपेक्षा किंचित कमीच लागला, कारण आता मध्येच वेग उतरत नाही. गिऱ्हाइकाचं काम रात्री गेलं.

एसी तरीही घेणार, पण आता पावसाळ्यासाठी. मागच्या बाजूची छोटी खोली मोकळी करतोय, आईचं धान्याचं कपाट हलवायचं तेवढं बाकी आहे. तिला सांगितलं, की या खोलीत पापड-मिरच्याही सादळणार नाहीत, तेव्हा तिने लगेच परवानगी दिली. सुताराला फॉल्स सीलिंगचं माप दिलं.

गॅसचार्जिंगदादा, शेवटचं विचारतो. आउटडोअर कुठे बसवू? पश्चिमेच्या भिंतीवर जागा आहे आणि पाइपही तिथून जवळ पडतो.

गॅसचार्जिंग

पश्चिमेला नको. समुद्राचा वारा थेट फिन्सवर, म्हणजे आउटडोअरच्या पातळ पत्र्यांवर, येईल, दोनतीन पावसाळ्यांत अॅल्युमिनियमची भुकटी होते. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर, घराच्या आडोशाला बसवा, पाइप थोडा लांब झाला तरी चालेल. मागे आणि बाजूला हवेला जागा सोडा. घेताना कंडेन्सर तांब्याच्या नळीचा आणि फिन्सवर गंजरोधक लेप असलेला मागा. स्टँड आणि बोल्ट स्टेनलेसचे, साध्या लोखंडाचा स्टँड इथे गंजून वाकलेला मी पाहिलाय. महिन्यातून एकदा, पावसाळा संपल्यावर तर नक्की, मेन स्विच बंद करून फिन्सवर वरून गोड्या पाण्याचा हलका फवारा मारायचा. प्रेशर पंप नको, फिन्स वाकतात.

इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअरमध्येही कार्ड असतं, त्यालाही मीठ आणि पाल दोन्ही चालत नाहीत. बसवणाऱ्याला केबल जिथून आत जाते ते भोक बंद करायला सांगा. आणि ड्रेन पाइपाला सलग उतार हवा, मध्ये कुठे पोट पडलं तर पाणी तुंबून इनडोअरमधून खोलीत पडेल. इनडोअर युनिट कॉम्प्युटरच्या बरोबर वर लावू नका, समोरच्या भिंतीवर लावा.

बसवायच्या दिवशी फोटो टाका, काही चुकत असेल तर तिथेच सांगतो.